टिल्टन टेकडीचा ठराव

पर्कहॅम गावाने एव्हरेट टिल्टनला पहिल्यांदा रस्त्यांचा कारभारी म्हणून निवडलं, तेव्हा तो तापाने अंथरुणात पडला होता. त्या वर्षी या पदाला कुणी उभंच राहिलं नव्हतं. म्हणून त्याचा जुना दोस्त क्लेटन प्रेस्कॉट याने गंमत म्हणून मतपत्रिकेवर स्वतःच्या हाताने एव्हरेटचं नाव लिहिलं आणि आणखी बावीस जणांना लिहायला लावलं. संध्याकाळी तो सूपचं भांडं घेऊन टेकडीवर आला आणि म्हणाला, "अभिनंदन मित्रा! उद्यापासून गावातला प्रत्येक खड्डा तुझा." एका वर्षाची ही थट्टा एकोणतीस वर्षं चालली. दर मार्चला गाव त्याला निवडून देत गेलं आणि त्याच्याविरुद्ध उभं राहावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्याची बायको अर्लीन हिच्या मनात मात्र पुष्कळ वेळा आलं. "मीच उभी राहते तुझ्याविरुद्ध," ती म्हणायची. "निवडून आले तर तुला घरी बसवीन. निदान जेवणाच्या टेबलावर कुणीतरी दिसेल." आणि एव्हरेट बूट चढवता चढवता म्हणायचा, "उभी राहा की. लोकशाही आहे." या माणसाशी भांडण करणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारण्यासारखं होतं. चेंडू परत यायचा, पण भिंतीला काही व्हायचं नाही.

लग्न होऊन ती टेकडीवर आली त्याला शेचाळीस वर्षं झाली होती. गावापासून अडीच मैल चढाचा कच्चा रस्ता, मध्ये ओढ्यावर जुना लाकडी पूल आणि वर एकच घर, ते टिल्टनांचं. एके काळी तिथे पाच घरं होती. आता बाकीच्या चारांची फक्त तळघरं उरली होती आणि त्यांतून बर्चची झाडं वाढली होती. घरामागे मेपलचं रान होतं. मार्च उजाडला की झाडांना भोकं पाडून बादल्या लटकवायच्या आणि रस आटवून पाक करायचा, हे काम अर्लीन सासूच्या हाताखाली शिकली आणि पुढे सासूपेक्षा बरं करायला लागली. तिच्या दोन्ही मुली याच घरात वाढल्या आणि लग्न करून दूरच्या राज्यांत गेल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सबंध खोरं दिसायचं. अर्लीन त्या खिडकीपाशी उभी राहून भांडी घासायची, आणि मुलींनी आणून दिलेलं भांडी धुवायचं यंत्र तिने कधी वापरलं नाही, कारण त्याची जागा खिडकीपासून लांब होती.

एव्हरेटने कारभारी झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात स्वतःला एक नियम घालून घेतला. बर्फ पडला की गावाचा बर्फ काढायचा ट्रक आधी शाळेच्या रस्त्याला जाईल, मग चर्च, मग दूधवाल्यांचे गोठे, मग बाकीचं गाव आणि सगळ्यात शेवटी टिल्टन टेकडी. नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि कुणी मागितलाही नव्हता. अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत बर्फाचा पाऊस पडून सगळ्या फांद्या मोडल्या, तारा तुटल्या, तेव्हा अर्लीन वर एकटी नऊ दिवस अडकली. दहाव्या दिवशी ट्रक वर पोचला. दाढी वाढलेला, डोळे लाल झालेला एव्हरेट दारात उभा राहून म्हणाला, "सगळं ठीक?" अर्लीनने हातातलं लाकूड चुलीत घातलं आणि ती म्हणाली, "आपण कोण? माझा नवरा आला की सांगते त्याला." त्यावर तो हसला आणि उभ्या उभ्याच झोपी गेला. तिने त्याला धरून खुर्चीत बसवलं. रागही आला होता आणि अभिमानही वाटला होता, आणि यातलं आधी काय, हे तिला आजतागायत सांगता आलं नसतं.

पक्षांची उमेदवारी ठरवणारं देशातलं पहिलं मतदान न्यू हॅम्पशरमध्ये होतं, म्हणून तिथे दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची जत्रा भरते. ज्यांना पुढे सगळं जग सलाम करणार असतं ते आधी इथे येऊन दूधवाल्यांचे हात हातात घेतात. असाच एक उमेदवार पर्कहॅमच्या चर्चच्या दालनात आला होता. त्याने देशाला काय काय देणार हे पाऊण तास सांगितलं. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मागे उभा असलेला एव्हरेट म्हणाला, "तुम्ही निवडून आलात आणि हे सगळं केलंत, तर तुमचं स्वतःचं काय कमी होईल?" उमेदवाराला प्रश्न फार आवडला. त्याने तसं सांगितलं आणि मग सात मिनिटं दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलला. एव्हरेटने आभार मानले आणि बाहेर जाऊन घसरड्या पायऱ्यांवर वाळू टाकली. त्याने मत कुणाला दिलं हे अर्लीनलाही कळलं नाही. गावाचा कारभार आणि मतं या दोन गोष्टी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर येत नसत. हाही त्याचाच नियम.

आणि त्या नियमानेच शेवटी घोळ घातला.

झालं असं. फेब्रुवारीच्या शेवटी अर्लीन टपाल कार्यालयात गेली, तर तिथल्या बाईने तिच्यापुढे सही करायची दोन पाकिटं ठेवली. रजिस्टर्ड. एक एव्हरेटच्या नावाचं, एक तिच्या. पाठवणारे गावचे तीन पंच. तिने तिथेच काउंटरवर आपलं पाकीट फोडलं. टिल्टन टेकडीचा रस्ता पुलापासून वर 'फाटक आणि अडसर' या सदरात टाकावा, असा ठराव मार्चच्या गावसभेत कलम अकरा म्हणून येणार होता. रस्ता बंद होत नाही, पण गाव त्याची जबाबदारी सोडतं. त्यावर फाटक घालता येतं. मग तिथला बर्फ गाव काढत नाही, पूल बांधत नाही, खडी टाकत नाही. आणि खाली लिहिलं होतं: ठराव मांडण्याची विनंती एव्हरेट जे. टिल्टन यांच्याकडून.

टपालवाल्या बाईने चष्म्यावरून बघत विचारलं, "काही वाईट बातमी आहे का हो?"

"नवऱ्याचं पत्र आहे," अर्लीन म्हणाली.

घरी आल्यावर तिने दोन्ही पाकिटं त्याच्या ताटात ठेवली. एव्हरेट आला, बसला, त्याने काटा उचलला आणि थांबला.

"कायदा आहे," तो म्हणाला. "रस्त्यालगतच्या प्रत्येक मालकाला चौदा दिवस आधी लेखी कळवावं लागतं."

"माझ्याबरोबर एका छताखाली राहतोस तू!"

"म्हणूनच. दुसऱ्यांना पत्र आणि बायकोला चहा पिता पिता, असं बरं दिसलं नसतं."

"एव्हरेट, दुसरं आहे कोण या रस्त्यावर? दुसरं आहे कोण?"

रस्त्यावर ते दोघंच होते.

त्या दिवशी टेबलावरचा नियम मोडला. त्याने सगळं सांगितलं. तिला त्यातलं बरंचसं माहीत होतं. गावाच्या कुवतीत सहा-सात वर्षांत एक पूल बसतो. दोन पूल मोडकळीला आले होते. टेकडीचा, ज्याच्या तुळया आणखी दोन हिवाळे धरतील न धरतील असं इंजिनिअर सांगून गेला होता. आणि तळ्याच्या रस्त्याचा, ज्यावर गेल्या शरदात जड वाहनांना बंदीची पाटी लागली होती. यादीत टेकडीचा पूल आधी नोंदवलेला होता. म्हणजे पाळी त्याची. पण तळ्याच्या पलीकडे नऊ घरं होती आणि अकरा मुलं. बंदीमुळे शाळेची बस पलीकडे जाईना. मुलं सकाळच्या काळोखात मैलभर चालत हमरस्त्याला येत, आणि लाकडाचे मोठे ट्रक त्यांच्या शेजारून जात. आगीचा बंबही पलीकडे जाऊ शकत नव्हता.

"टेकडीचा रस्ता गावाचा आहे तोवर त्याचा पूल गावाच्या गळ्यात आहे," एव्हरेट म्हणाला. "रस्ता सोडला की गळा मोकळा. या उन्हाळ्यातच तळ्याचा पूल होईल."

"आणि आपण?"

"खाली गावात राहायचं. हिवाळ्यापुरतं तरी. पूल पडला की मग..."

"माझं घर आहे हे," अर्लीन म्हणाली. "तुझ्या आईने ते माझ्या हातात दिलंय. मी विरोधात मत देणार आहे, एव्हरेट."

"तुझा हक्क आहे तो," एव्हरेट म्हणाला.

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

पुढचे चौदा दिवस घरात फक्त मांजराशी बोलणं झालं, आणि तेही दोघांचं वेगवेगळं. अर्लीन आठवड्यातून तीन दिवस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तळ्याकडची मुलं सकाळी ओले बूट घेऊन आत शिरत आणि ती ते हीटरपाशी ओळीने मांडून ठेवत असे. ऑक्टोबरपासून मांडत होती. आता त्या दोन आठवड्यांत ती बुटांकडे बघायचं टाळू लागली. अकरा जोड. न बघताही तिला किती ते माहीत होतं, आणि याचाही तिला राग येत होता.

गावसभा शनिवारी सकाळी शाळेच्या खेळाच्या दालनात भरली. दारात मतदारयादीवर नाव तपासून प्रत्येकाला एक पिवळं कार्ड मिळत होतं. मत द्यायचं म्हणजे ते कार्ड वर धरायचं. स्वयंपाकघरात चर्चच्या बायकांनी घेवडा शिजत ठेवला होता आणि त्याचा वास सगळ्या चर्चेत मिसळत होता. अनुभवी लोक म्हणत, पर्कहॅमचा एकही ठराव जेवणाची वेळ टळून गेल्यावर पडलेला नाही, भुकेने सगळे हो म्हणतात.

सभापती होते क्लिफर्ड नोयस, निवृत्त गुरांचे डॉक्टर. ज्या माणसाने उभा जन्म अडलेल्या गायींच्या पोटात हात घालून वासरं काढली, त्याला अडून बसलेल्या गावकऱ्यांचं काय मोठंसं. नवा कुत्र्यांचा परवाना, वाचनालयाचं छत, गवत कापायचं यंत्र, अशी दहा कलमं त्यांनी दोन तासांत मोकळी केली. मग त्यांनी चष्मा पुसला.

"कलम अकरा. टिल्टन टेकडीचा रस्ता. बोला, एव्हरेट."

एव्हरेट मधल्या माइकपाशी गेला. अर्लीन तिसऱ्या रांगेत बसली होती. तो तिच्या शेजारून उठून गेला होता, कारण भांडण असलं तरी बसायचं कुठे हे शेचाळीस वर्षांत ठरलेलं होतं.

त्याने दोन्ही पुलांची स्थिती सांगितली. कुणीतरी मागून विचारलं, "आधी तळ्याचा करा आणि मग टेकडीचा. एवढं सोपं आहे की!"

"सोपं नाही," एव्हरेट म्हणाला. "टेकडीचा सात वर्षं थांबणार नाही. आणि त्याच्यामागे गिरणीजवळचा पूल रांगेत आहे, त्यावरून अर्धं गाव जातं. टेकडीवर घर एक आहे. खरं सांगायचं तर हे मी दहा वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर सांगितलंही असतं. माझं होतं, म्हणून जीभ रेटली नाही. त्याबद्दल मी गावाची माफी मागतो."

अर्लीनने मांडीवरच्या कार्डाची कड दुमडली. हे त्याने घरी सांगितलं नव्हतं. दहा वर्षं तो हे पोटात घेऊन रोज त्या पुलावरून गेला होता.

मग तळ्याच्या रस्त्यावरची मिशेल बुशार उठली. तिची दोन मुलं त्या अकरांत होती. ती म्हणाली, "मला हा पूल हवाय. देवाशपथ हवाय. रोज सकाळी मी दारात उभी राहून जीव मुठीत धरते. पण मिस्टर टिल्टन, तुम्हाला घराबाहेर काढून मला तो नको. आमची मुलं अजून थोडी वर्षं चालतील. मी 'नाही'लाच मत देणार."

टाळ्या पडल्या. आणि मग क्लेटन प्रेस्कॉट उठला. त्याच्या गुडघ्यांत आता दम नव्हता, पण आवाजात होता.

"सभापतिसाहेब, या माणसाला या भानगडीत मी घातलं. एकोणतीस वर्षांपूर्वी, पेन्सिलने. तेव्हापासून हा स्वतःच्या दारचा बर्फ सगळ्यात शेवटी काढतोय. आपण कुणी त्याला कधी काही दिलंय? एक घड्याळ? एक केक?"

"केक दिला होता," एव्हरेट जागेवरून म्हणाला.

"गप्प बस, तुझी पाळी झाली," क्लेटन म्हणाला आणि दालन हसलं. "एकदा तरी गावाने त्याचा रस्ता पहिला धरावा! यादीत पाळी त्याची आहे. घेऊ दे त्याला. त्याने ते कमावलंय. मी म्हणतो, सगळ्यांनी नाही म्हणा, आणि प्रेमाने म्हणा!"

आता टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. एव्हरेट मात्र खाली बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

कार्डं वर झाली. 'हो'ची एकसष्ट. 'नाही'ची चौऱ्याऐंशी. त्या चौऱ्याऐंशीत एक अर्लीनचं होतं. तिने ते सरळ वर धरलं होतं, हात न वाकवता.

"ठराव पडला," सभापती म्हणाले.

पाठीमागून कुणीतरी अर्लीनचा खांदा दाबला. "बरं झालं गं! राहिलं तुझं घर."

राहिलं. खिडकी राहिली, मेपलचं रान राहिलं. गावाने दिलं. तिने श्वास सोडला आणि वाट बघितली की आता आनंद होईल.

एव्हरेट पुन्हा माइककडे निघाला होता.

"सभापतिसाहेब, लोक माझ्यावर मेहेरबानी करताहेत. हा प्रश्न माझा नाहीये. मला पुन्हा..."

"एव्हरेट," क्लिफर्ड नोयस मऊ आवाजात म्हणाले, "तुला नियम ठाऊक आहे. फेरविचार मागायचा तर जिंकलेल्या बाजूला मत दिलेल्याने मागायचा. तू हरलास. बस खाली."

"पण..."

"खाली बस, मित्रा. पुढचं कलम वाचेपर्यंत जिंकलेल्यांपैकी कुणालाही मागता येईल. नंतर कुणालाच नाही." त्यांनी चष्म्यातून सगळ्या दालनावर नजर फिरवली. कुणी हललं नाही. मिशेल बुशार रुमालात तोंड लपवून बसली होती. त्यांनी कागद उलटला.

एव्हरेट येऊन अर्लीनच्या शेजारी बसला. त्याचे हात गुडघ्यांवर होते. त्या हातांना काय करावं ते सुचत नव्हतं. लोक रांगांमधून त्याला अंगठा दाखवत होते, हसत होते. एकोणतीस वर्षं अर्लीनला वाटत आलं होतं की या माणसाने एकदा तरी, एकदाच, स्वतःसाठी काहीतरी घ्यावं. आज सगळं गाव त्याच्या पदरात टाकत होतं, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. मुलं चालणार होती, आणि त्या चालण्याला आता एव्हरेटचं बक्षीस म्हटलं जाणार होतं. सोमवारी तिला बूट मांडायचे होते. अकरा जोड. कुठल्या तोंडाने मांडणार?

आपल्याला आनंद का होत नाही हे तिला कळलं, आणि कळल्यावर तिला रडूच आलं. घर तर तिला हवं होतं. अजूनही हवं होतं. शेचाळीस वर्षांत हवं होतं त्याहून जास्त, आत्ता, या क्षणी हवं होतं.

"कलम..." सभापतींनी सुरुवात केली.

"क्लिफर्ड!"

अर्लीन उभी होती. माइकपाशी न जाता जागेवरच.

"मी नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. "सगळ्यांनी पाहिलंय. म्हणजे मी जिंकलेल्यांतली. मी फेरविचार मागते."

दालनात कुजबुज उठली. क्लिफर्ड नोयसनी कागद खाली ठेवला. "अर्लीन, नीट विचार केलायस?"

"घाई कर क्लिफर्ड, नाहीतर विचार करीन."

"अनुमोदन कोण देतंय?"

क्लेटन प्रेस्कॉट पुटपुटला, "नवऱ्याला मीच घातलं, आता बायकोलाही..." आणि त्याने हात वर केला.

"बोल, अर्लीन."

ती काही वक्ता नव्हती. एकोणतीस सभांत ती फक्त घेवडा जास्त खारट झालाय एवढंच बोलली होती. तिने समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"तुम्ही लोक चांगले आहात," ती म्हणाली. "पण मूर्ख आहात. या माणसाला काही द्यायचं तर ते असं नाही देता येत. मी ख्रिसमसला त्याला उबदार हातमोजे देते, ते जानेवारीत कुणा दुसऱ्याच्या हातांवर दिसतात. तुम्ही त्याला पूल दिलात तर तो त्या पुलावरून जाताना रोज मान खाली घालेल. मला ती मान रोज बघावी लागेल. तुम्हाला नाही."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"पण एक गोष्ट त्यालाही सांगायचीय, आणि सगळ्यांसमोर सांगते, कारण त्याने मला सगळ्यांसारखंच पत्र पाठवलं होतं. एव्हरेट, ते घर निम्मं माझं आहे. कागदावर तसं लिहिलंय. तू गावाला जे देत होतास त्यातलं निम्मंच तुझं होतं, आणि तू मला विचारलं नाहीस. ते चुकलं तुझं. गावाला तू देवमाणूस वाटतोस. देवमाणसाच्या बायकोला कुणी विचारत नाही."

एव्हरेटने तिच्याकडे मान वर करून बघितलं. त्याचा चेहरा कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा झाला होता.

"त्याचं निम्मं तो देऊन बसलाय," अर्लीन म्हणाली. "उरलेलं निम्मं मी आता देते. माझ्या हाताने. पंचांनी तळ्याचा पूल बांधून घ्यावा. आणि मिशेल, तू यावेळी हो म्हण. तू नाही म्हणालीस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

ती बसली. तिचं कार्ड खाली पडलं होतं. ते एव्हरेटने उचलून तिच्या हातात दिलं.

दुसऱ्यांदा कार्डं वर झाली तेव्हा 'नाही'ची सहाच होती. त्या सहांतलं एक क्लेटनचं. तो नंतर म्हणाला, एकदा दिलेला शब्द दुपारी फिरवायचं आपलं वय राहिलं नाही. मिशेल बुशारने डोळे मिटून कार्ड वर धरलं होतं आणि मोजून झाल्यावरही खाली घेतलं नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. क्लिफर्ड नोयस खाकरले आणि म्हणाले की घेवडा शिजला आहे.

जेवणाच्या रांगेत लोक अर्लीनशी काय बोलावं या पंचाईतीत होते, म्हणून प्रत्येकाने तिला ॲपल पायचा तुकडा वाढला. तिच्यापुढे असे सात तुकडे जमले.

परतीच्या वाटेवर ट्रक एव्हरेट चालवत होता. रस्त्याच्या कडेला वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहत होतं. गाव मागे पडलं, चढ सुरू झाला, पूल आला. पूल ओलांडून तो थांबला आणि त्याने इंजिन बंद केलं.

"दर मार्चला मी गावाला विचारतो," तो म्हणाला. "ठेवता का मला? असं. एकोणतीस वेळा विचारलंय. तुला एकदाही नाही."

"नाही विचारलंस."

"तू हो म्हणशील असं धरूनच चाललो होतो. नेहमीच."

"मला माहितेय."

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. डोक्यावरचे चार केस हवेने उभे राहिले होते.

"अर्लीन, माझ्याबरोबर खाली गावात राहायला येशील?"

"आणि नाही म्हटलं तर? ठराव तर झाला."

"रस्ता सोडायचा ठराव झालाय. आपण सोडायचा झालेला नाही. नाही म्हणालीस तर वरच राहू. मी फावड्याने वाट काढीन. पुलापासून वर दीड मैल आहे, पण पहाटे उठलो तर जमेल." तो हे मनापासून म्हणत होता. एकाहत्तर वर्षांचा माणूस, आणि खरोखर त्याने काढली असती.

अर्लीनने त्याला वाट बघू दिली. तेवढा तिचा हक्क होता. वरच्या वळणावरून घराची चिमणी दिसत होती.

"येईन," ती म्हणाली.

एव्हरेटने मान हलवली आणि इंजिन सुरू केलं. मग घर येईपर्यंत ती रडत राहिली, हुंदके देऊन, घरासाठी, आणि त्याने तिला एकदाही गप्प बस म्हटलं नाही. ट्रक फक्त अगदी हळू चालवला.